दिवाळीच्या कूपन वहीत माझे 31,000 रुपये गेले

लातूरमध्ये मी खानावळ चालवते. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली 28 मुलं माझ्याकडे दोन वेळ जेवतात. महिन्याचा किराणा भरणं हे माझं रोजीरोटीचं काम आहे, हौस नाही. हे आधीच सांगते, कारण गेले दोन महिने जो भेटतो तो एकच म्हणतो, "ताई, तुम्ही पण लालचेला पडलात?"

मी लालचेला पडले नाही. मी हिशोब केला होता. तेलाचा पाऊच लिटरचा वाटतो आणि मागे 850 ग्रॅम छापलेलं असतं, हे मला कळतं. साखर पडत्या भावात लावून बाकीच्या मालात वसूल करतात, हेही कळतं. तूरडाळ मी कधीच सुपरमार्केटातून घेतली नाही, ती ओळखीच्या डाळमिलमधून पोत्याने येते. गहू-ज्वारी आडतीवरून, मसाला गंजगोलाईतून. पण साबण, भांड्याची पावडर, चहा, पोहे, रवा या गोष्टी, मी जिथे फसले त्या सुपरमार्केटात, खरंच स्वस्त पडायच्या. तीन वर्षं तिथे जात होते. 'एकावर एक फुकट'ची पाटी दिसली की आधी पाकिटावरची मुदत बघायची, मग किलोचा भाव काढायचा, मगच पिशवीत टाकायचं. अशी बाई फसते म्हटल्यावर तुम्हीही सावध व्हा, म्हणून लिहिते आहे.

गौरी-गणपतीत त्यांनी कूपन वही काढली. 5,000 भरा, हजाराची सहा कूपनं घ्या. मी घेतली. सहाच्या सहा कूपनं चालली. अट नाही, कटकट नाही, काउंटरवर कूपन दिलं की बिलातून हजार वजा. दसऱ्याच्या आठवड्यात मोठी योजना आली: 10,000 ला 12 कूपनं, पाच महिने मुदत. मी 40,000 भरले. 26,000 मुलांच्या मेसच्या आगाऊ पैशातले, 14,000 पोराच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. 8,000 रुपयांचा माल जास्तीचा मिळणार होता. म्हणजे जवळपास तीन मुलांची महिन्याची मेस. माझ्या जागी कुणीही हाच विचार केला असता.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

काउंटरवर कोड स्कॅन केला, 40,000 टाकले, आणि पडद्यावर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं. कुणा माणसाचं होतं. मी वाचलं. मोठ्याने वाचलं. काउंटरवरचा म्हणाला, "मालकाचे मेहुणे आहेत, सणात एका खात्याची लिमिट संपते." आणि मी पिन टाकला. मागे रांग होती, पिशवी जड होती, दूधवाला यायची वेळ झाली होती. ही कारणं मी पोलिसांना सांगितली, नवऱ्याला सांगितली. पण खरं म्हणजे तेव्हा बोटं थांबायला हवी होती. पावती मागितली तर साध्या पॅडवर हाताने लिहून दिली. त्यावर शिक्का होता, जीएसटी क्रमांक नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे, दुकानातला माल संपत आलेला मला दिसत होता. दसऱ्याला किराणा दुकान कसं दिसतं? पाय ठेवायला जागा नसते. रव्या-मैद्याची पोती दारापर्यंत आलेली असतात, तेलाच्या डब्यांची थप्पी छताला लागते. इथे 15 लिटरचे डबे गायब होते. फळीवर माल पुढच्या एकाच ओळीत मांडलेला होता. मी पोह्याचं पाकीट काढलं तर मागे मोकळी फळी दिसली, थेट पत्र्यापर्यंत. मी तिथल्या पोराला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "गाडी येणार हाय मावशी, बिनधास्त घ्या. माझ्या घरच्यांसाठी मी बी एक वही घेतलो." त्या पोराला खोटं ठरवत नाही, त्याचेही पैसे बुडाले असतील. पण वीस वर्षं किराणा भरणाऱ्या बाईला रिकामी फळी दिसूनही अर्थ लागला नाही, याची लाज वाटते. ज्या दुकानात माल आत येत नाही आणि पैसा मात्र आगाऊ गोळा होतो, तिथून त्याच पायी परत फिरा.

दिवाळीच्या आधी नऊ कूपनं चालली. मग अटी निघाल्या. एका बिलात एकच कूपन. बिल 3,000 च्या वर हवं. तेल, साखर, रवा, मैदा यांवर चालणार नाही. वहीच्या मागे यातलं एक अक्षरही छापलेलं नव्हतं. मी भांडले, तर "वरून आलंय" म्हणाले. मार्गशीर्षाच्या दुसऱ्या गुरुवारी साबुदाणा-शेंगदाणे आणायला गेले तर शटर खाली. पाटी काढलेली. फोन बंद.

39 कूपनं माझ्याकडे पडून आहेत. माझ्या खिशातले निव्वळ 31,000 गेले. माझ्या सांगण्यावरून भावजयीने वही घेतली होती, तिचे 8,000 गेले. बचत गटातल्या एकीचे 7,000. दुसरीने एकही कूपन वापरलं नव्हतं, लेकीच्या लग्नाच्या किराण्यासाठी जपून ठेवली होती. तिचे पुरते 10,000. चौघींचे मिळून 56,000. भावजय काही बोलत नाही, पण फोन उचलत नाही.

पोलीस ठाण्यात गेले. पहिलं वाक्य: "बाई, तुम्ही स्वतः पैसे दिले, कुणी डोक्याला पिस्तूल लावलं होतं का?" मग म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. मग म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात गेले, तिथे म्हणाले, पैसे मोबाईलवरून गेले ना, मग सायबरला जा. अर्ज घ्या म्हटलं, घेतला. पोच द्या म्हटलं, तर साहेब आल्यावर. मी तीन वेळा गेले तरी साहेब आले नव्हते. 28 मुलांचा स्वयंपाक टाकून मी त्या बाकावर बसत होते. माझ्याकडच्या एका मुलाचे वडील वकील आहेत, त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. आणि ठाण्याने नाकारलं तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. हे मला ठाण्यात कुणी का सांगितलं नाही? भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 त्यांना माहीत नाही का?

ग्राहक तक्रारीसाठी एका कार्यालयात विचारायला गेले, तर तिथला बाबू मान वर न करता म्हणाला, "खानावळ आहे ना? मग तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी आहात." मी ऐकून घरी आले. दोन दिवस रडले. तेही खोटं निघालं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी माल घेणारा माणूस ग्राहकच असतो. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बाबूच्या एका वाक्याने किती बाया तिथून परत गेल्या असतील?

बँकेत सांगितलं, तर तुम्हीच पिन टाकला, आम्ही काय करणार.

नंतर माझ्याकडच्या एका पोराने जुन्या बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून बघितला. नोंदणी रद्द. दसऱ्याच्या कितीतरी आधी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम होतं आणि पैसे लागत नव्हते. तुम्ही आगाऊ पैसे भरायच्या आधी करा. आणि पहिली वही चालली म्हणून दुसरी मोठी घेऊ नका, पहिली चालते ती दुसरी विकण्यासाठीच. महिन्याला लागेल तेवढंच कूपन घ्या, त्याच महिन्यात संपवा. अट बदलली त्या दिवशीच सगळी कूपनं मोडायला बसा, मिळेल तो माल उचला. मी त्या दिवशी भांडत बसले, तिथे अजून चार-पाच हजारांचा साबण-चहा पडलेला होता. आणि स्वतः घ्या, पण दुसऱ्याला घ्यायला सांगू नका.

ज्यांच्याकडे त्या दुकानाची हिरवी कूपन वही असेल त्यांनी रागाने फाडून टाकू नका. पॅडवरची पावती, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि उरलेली कूपनं एकत्र ठेवा. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या, मी घेतला आहे. अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने अर्ज गेला आहे. आता आम्ही चौघी नाही, अकरा जणी आहोत. सोमवारी दुपारी मुलांची जेवणं आटोपली की जिथे अर्ज दिला त्याच ठाण्यात पुन्हा जाणार आहोत, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.