एव्हर्टन, सकाळचा चहा आणि शेजारचा जायंट्सवाला: अख्खा सीझन बघून झाल्यावर

सीझन संपून आठवडा झाला, म्हटलं आता लिहून टाकूया नाहीतर राहूनच जातं. २०२४-२५ चा इंग्लिश प्रीमियर लीगचा सीझन मी न्यू जर्सीत, एडिसनला बसून ऑगस्ट ते मे टीव्हीवर बघितला. हायलाइट्स नाही हां, शनिवारी सकाळी उठून, चहा टाकून, पूर्ण नव्वद मिनिटं. इथे नवीन आलेले बरेच जण विचारतात की अमेरिकेत फुटबॉल (इथल्या भाषेत सॉकर) कोण बघतं, पैसे घालावेत का, म्हणून हा सविस्तर अनुभव.

आधी माझं सांगतो. मी मूळ कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी मॅच असली की घरात जेवायला कोणी सापडायचं नाही. पण इथे येऊन ते सगळं सुटलं होतं. टीम निवडायची वेळ आली तेव्हा मी एव्हर्टन (लिव्हरपूल शहरातला जुना क्लब) घेतली, कारण त्यांचा जुना गोलकीपर टिम हॉवर्ड आमच्या शेजारच्या नॉर्थ ब्रन्सविकचा, घरापासून गाडीने वीसेक मिनिटं. याच माणसाने २०१२ च्या जानेवारीत बोल्टनविरुद्ध स्वतःच्या पेनल्टी बॉक्समधून बॉल मारला आणि तो वाऱ्यावर उडून समोरच्या गोलात गेला, तरी एव्हर्टन २-१ ने हरली. तेव्हाच समजायला पाहिजे होतं आपण कुठे पाय घालतोय ते.

आता मुख्य गोष्ट, वेळ. इंग्लंडात दुपारी ३ ला सुरू होणारी मॅच इथे ईस्ट कोस्टला सकाळी १० ला. साडेबाराची असली तर सकाळी साडेसात. कोल्हापुरात माझा भाऊ तीच मॅच संध्याकाळी उशिरा बघतो आणि मिडवीकच्या मॅचला रात्री दीड वाजता डोळे चोळत बसतो, मी मात्र १२ ला मोकळा, पोरांना स्विमिंगला न्यायला हजर. बायकोची तक्रार नाही हे या लीगचं सगळ्यात मोठं फीचर. इथे त्या वेळेला दुसरा कुठला मोठा खेळच नसतो, कॉलेज फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) दुपारी चढायला लागतं, त्याच खेळाची मोठी लीग एनएफएल रविवारी १ ला. म्हणजे अमेरिकन माणसाला आपली टीम सोडावी लागत नाही, रिकाम्या सकाळीत एक खेळ आयता मिळतो. आणि गंमत म्हणजे शनिवारच्या ३ वाजताच्या मॅचेस खुद्द इंग्लंडात टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नाहीत, लोकांनी मैदानात जावं म्हणून जुना नियम आहे, आणि आम्ही एडिसनमध्ये पोहे खात त्या बघतोय.

(कॅलिफोर्नियातल्या मित्राला हे ऐकवू नका, त्याची साडेसातची मॅच पहाटे साडेचारला असते.)

आमचा शेजारी साठीच्या पुढचा, रिटायर्ड, चाळीस वर्षांपासून एनएफएलमधल्या न्यू यॉर्क जायंट्सचा भक्त. ३१ ऑगस्टला शिडी परत द्यायला आला तेव्हा एव्हर्टन-बोर्नमथ चालू होती, एव्हर्टन २-० ने पुढे. बसला. चिवड्याचा डबा पुढे सरकवला. ८७ व्या मिनिटापर्यंत २-० च होतं, मग एक गेला, मग इंज्युरी टाइममध्ये दुसरा, मग ९६ व्या मिनिटाला तिसरा, संपलं, ३-२ ने हार. मी सोफ्यावर आडवा झालो. हा माणूस हसतोय आणि म्हणतो, ही तर माझीच टीम आहे, फक्त कपडे निळे. (जायंट्सचेही निळेच आहेत खरं तर.) पुढच्या मॅचला ॲस्टन व्हिलाकडे परत २-० ने पुढे होते, परत ३-२ ने हरले. तो त्या दिवशी न बोलावता आला होता.

त्याला पहिल्यांदा काय आवडलं तर जाहिराती नाहीत. हाफ सुरू झाला की ४५ मिनिटं कोणी गाडी विकत नाही, औषध विकत नाही. दोन तासांत सगळं आटोपतं. एनएफएलची मॅच तीन तासांच्या वर जाते आणि त्यात प्रत्यक्ष खेळ, घड्याळ लावून मोजलं तर, अकराएक मिनिटांचा. हे तोच मला सांगत होता, चाळीस वर्षं बघितल्यावर.

पण तो खरा अडकला डिसेंबरमध्ये. इथल्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, शेवटचा आलास तर शिक्षा नाही, उलट ड्राफ्टमध्ये नवीन पोरांमधून पहिली निवड तुझी. जायंट्स त्या वर्षी २-१३ वर (दोन जिंकलेल्या, तेरा हरलेल्या) होते, पहिला पिक जवळजवळ हातात, आणि २९ डिसेंबरला कोल्ट्सला ४५-३३ ने हरवून बसले. शेजारी वैतागला, का जिंकले म्हणून! स्वतःची टीम जिंकली म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी तरी पहिल्यांदा बघितला. आणि त्याच महिन्यात आमची एव्हर्टन काय करत होती तर आर्सेनलशी ०-०, चेल्सीशी ०-०, मँचेस्टर सिटीशी १-१, एकेक पॉइंट भाकरीच्या तुकड्यासारखा गोळा करत होती, कारण खालचे ३ संघ थेट खालच्या लीगमध्ये जातात, टीव्हीचे पैसे जातात, चांगले खेळाडू जातात. त्या ०-० ला हा माणूस उभा राहून बघत होता. गोल नाही तर काय बघता असं म्हणणारे अमेरिकन मी खूप ऐकलेत, पण तळाला काय पणाला लागलंय ते कळलं की ०-० पण घशाशी येतो. पेठेतल्या टीमची इज्जत जाणार असली की कसं वाटतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

धंद्याचं थोडक्यात. एनबीसी या अमेरिकन चॅनेलने २०१३ पासून लीग दाखवायचे हक्क घेतले तेव्हा तीन वर्षांचे २५ कोटी डॉलर होते, २०२१ च्या करारात सहा वर्षांचे जवळपास २७० कोटी डॉलर. सुरुवातीला लोकांना खेळ समजावून सांगायला जेसन सुडेकिस या विनोदी नटाला टॉटनहॅम या लंडनच्या क्लबचा अडाणी अमेरिकन कोच बनवून जाहिरात केली होती, आता तशी गरज उरलेली नाही. मला आवडलं ते हे की स्टुडिओत निवेदिका रिबेका लो आणि मंडळी प्रेक्षकाला बाळबोध समजून बोलत नाहीत, आणि पीटर ड्रुरीची कॉमेंट्री म्हणजे कीर्तनकार रंगात आल्यासारखी, कधी कधी जरा जास्तच. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, चेल्सी सगळ्यांचे मुख्य मालक अमेरिकन. शेजाऱ्याला हे कळल्यावर म्हणाला, मग तिकडेही तिकिटं महागणार.

आता न आवडलेलं. मॅच कुठे असेल ते दर आठवड्याला शोधावं लागतं, काही एनबीसीवर, काही केबलवर, काही फक्त स्ट्रीमिंगवर. स्ट्रीमिंग थोडं मागे चालतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर भावाचा 'गोऽऽल' आधी येतो आणि माझ्याकडे अजून कॉर्नरच चाललेला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसरा इलाज नाही. आमच्या भागातली इंटरनेट कंपनी बरोबर शनिवारी सकाळी मान टाकते, नाव घेत नाही. आणि मार्चमध्ये इथली घड्याळं तिकडच्या आधी पुढे जातात, दोन-तीन आठवडे १० ची मॅच ११ ला असते. मी दोनदा तासभर आधी तयार होऊन बसलो.

१२ फेब्रुवारीचं सांगतो आणि थांबतो. गुडिसन पार्क हे एव्हर्टनचं जुनं मैदान, पुढच्या सीझनपासून टीम नवीन स्टेडियममध्ये जाणार होती. तिथली शेवटची मर्सीसाइड डर्बी (म्हणजे एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल), बुधवार, इथे दुपारी अडीच, मी ऑफिसात. मीटिंग चालू, कॅमेरा बंद, फोन कीबोर्डला टेकवलेला, आवाज शून्य. लिव्हरपूल २-१ ने पुढे. ९८ व्या मिनिटाला आमच्या टार्कोव्स्कीने असा व्हॉली हाणला की जाळी फाटते की काय. मी खुर्चीतून उठलो, गुडघा टेबलाला, मग व्हीएआरवाले (व्हिडिओ बघणारे रेफरी) तपासत बसले, आणि नेमकं तेव्हाच मॅनेजरने माझं नाव घेतलं. काय उत्तर दिलं आठवत नाही. शेवटी गोल मान्य झाला, २-२. शेजाऱ्याचा मेसेज आला, नुसते निळे बदाम, ओळीने.

१८ मेला गुडिसनवरची पुरुषांची शेवटची मॅच होती, रविवारी सकाळी ७ ला. तो पावणेसातला दारात. २-० ने जिंकलो, एन्डियायेचे दोन्ही. मॅचनंतर म्हातारे लोक रडत होते. त्याने विचारलं आता पाडणार का हे? म्हटलं नाही, बायकांच्या टीमला देणार आहेत. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, आमचं जुनं जायंट्स स्टेडियम पाडून पार्किंग केलं, मी दर वर्षी बहुतेक आमच्या जुन्या सीटवरच गाडी लावत असेन.

चिवड्याचा डबा त्याच्याकडेच राहिलाय. ऑगस्टमध्ये आणतो म्हणाला.