क्लिकर की तोंडचा शब्द?

कुत्र्याला घरीच चार गोष्टी शिकवायच्या आहेत, पण क्लिकर, म्हणजे दाबली की 'टिक' वाजणारी ती छोटी डबी, मागवावा की नाही यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. आमची चिंगी गावठी, तांबूस, एक कान कायमचा पडलेला. नाशकात गंगापूर रोडला एका बांधकामाच्या वाळूवर सापडली. तिला मी आधी सात-आठ महिने क्लिकरवर शिकवलं, मग नुसत्या शब्दावर. दोन्ही घाटांचं पाणी पिऊन झालंय.

मारून नाही, खाऊ देऊन शिकवायचं, हे धरूनच चाललोय. प्रश्न एवढाच की 'आत्ता केलंस ना, तेच बरोबर' हे तिला कळवायचं कशानं? खाऊ तिच्या तोंडाशी जाईपर्यंत ती बसलेली उठते, फरशी हुंगायला लागते, आणि बक्षीस नक्की कशाचं मिळालं याचा घोळ होतो. म्हणून मधल्या त्या क्षणावर बोट ठेवणारी एक खूण लागते. १९६० च्या दशकात हवाई बेटांवर कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवत, तेव्हा अडचण हीच होती: हवेत उडी मारलेल्या डॉल्फिनच्या तोंडात मासा कसा देणार? म्हणून शिट्टी. कुत्र्यांच्या जगात क्लिकर घरोघरी पोचवण्यातही त्यांचाच मोठा हात.

क्लिकरचं जे कौतुक होतं ते खोटं नाही. मी ऑफिसातून वैतागून आलेलो असो की रविवारचा निवांत बसलेलो असो, डबीचा आवाज तोच. अंगठाही जिभेपेक्षा चपळ असतो, निदान माझा तरी. 'गोल फिर' शिकवताना चिंगीची मान नुसती डावीकडे वळली की टिक, मग खांदा वळला की टिक, असं करत तिसऱ्या संध्याकाळी ती पूर्ण फिरली. पुढे शब्दावर 'हात दे' शिकवायला आठवडा लागला. पण तोवर ती वयानं वाढली होती, शेजारच्या मांजरावर जास्त लक्ष होतं, तेव्हा दोष सगळा शब्दाचा असं मी छातीठोक सांगणार नाही. २०१६ साली इटलीतल्या संशोधकांनी ५१ कुत्र्यांना नाकानं पावाचा डबा उघडायला शिकवलं होतं. काहींना क्लिकरवर, काहींना 'ब्राव्हो' म्हणून, काहींना नुसत्या खाऊवर. तिन्ही गटांच्या शिकण्यात फरक दिसला नाही.

मग मी क्लिकर का सोडला? गॅसच्या लायटरमुळे.

हसू नका. तो लायटर आणि डबीवाला क्लिकर यांचा आवाज एकदा शेजारी शेजारी ऐका. आमच्याकडे दिवसातून पाच वेळा चहा होतो. आमचा लायटर जुना, पहिल्या टिकेत पेटला तर नशीब. आईनं टिक केलं की चिंगी हॉलमधून सुसाट, ओट्यापाशी, 'माझं काय ते द्या' अशा चेहऱ्यानं. सकाळी ती अर्धवट झोपेत धावायची. आई एकदा उकळता चहा गाळत असताना ही पायात आली आणि थोडक्यात निभावलं. बरं, ती चुकत नव्हती. टिक म्हणजे खाऊ, हा करार मीच केला होता. आता दिवसाला पंचवीस-तीस टिका फुकट जायला लागल्यावर त्या कराराला काय किंमत राहणार? संध्याकाळी मी खरा क्लिकर दाबला की तिचा चेहरा 'बघू, या वेळी तरी देतोय का' असा. लायटर बदलून पाहिला, आवाज तोच. क्लिकरला मोजा गुंडाळला, तर मलाच ऐकू येईना. त्यात भाच्याला ती डबी सापडली.

शब्दाचे त्रास वेगळे आहेत. पहिला शब्द मी 'शाब्बास' घेतला, ही चूक. आमच्या घरात शाब्बास भाच्याला वरण-भात संपवल्याबद्दल मिळतं आणि टीव्हीतल्या फलंदाजालाही. घरात कुणी एरवी उच्चारत नाही असा, आखूड, कडक शब्द हवा. आम्ही 'चोख' घेतला. (सराफ बाजारात दुकान असेल तर तुम्ही दुसरा शोधा.) 'चोख' म्हणायचं आणि लगेच पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा, दहा-पंधरा वेळा, दोन दिवसांत कान उभा. लाडात येऊन 'चोऽऽख गं बाई' म्हणायचं नाही, हे मात्र मला अजून जमत नाही. आईच्या आवाजातला 'चोख' ओळखायला चिंगीनं दोन दिवस जास्त घेतले. पण क्लिकर ज्या आईनं हातातही धरला नाही, तिनं 'दार लोट' स्वतः शिकवलं. कणकेनं भरलेल्या हातांनी.

मला पारडं इथंच झुकलेलं वाटतं. तोंड कायम बरोबर असतं. सोमेश्वरकडे फिरायला नेलं की एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊ, समोरून भटक्यांची टोळी; तिथं क्लिकरला तिसरा हात कुठून आणू? आणि चिंगीनं आपणहून शहाणपणा करायचा क्षण कधीच क्लिकर खिशात असताना येत नाही.

खाऊबद्दल एक, दोन्ही पद्धतींना लागू. आपल्या नाशकाची शान असलेल्या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं, बेदाणे, मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कांद्यानं, मग तो शिजलेला का असेना, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हंगामात घरात पेटी येते तेव्हा शिकवणीच्या नादात 'एक मणी दिला तर काय होतंय' असं कुणीतरी म्हणतंच. उकडलेलं चिकन, पनीर, गाजर; भाजीतलं काही नको.

तुम्ही एकटे राहत असाल, घरात इंडक्शन शेगडी असेल आणि ड्रॉवर बंद करणं, वस्तू ओळखून आणणं असली नाजूक कामं शिकवायची असतील, तर क्लिकर जरूर घ्या. शंभर-दीडशेचा प्रश्न आहे. फटाक्यांना घाबरणारा कुत्रा असेल तर बटणाचा, मऊ आवाजाचा बघा. भरलं घर असेल तर मी शब्दावरच जाईन.

आमचा क्लिकर आता रबरबँडांच्या डब्यात आहे. लायटरला चिंगी हल्ली धावत नाही. नुसता एक कान उभा करते. दुसरा तसाही उभा राहत नाही.