चार दिवसात ठिपके गायब, आणि माझे ५,६०० रुपये पण

फोंड्याला राहतो. हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे, दगड-वाळू वजा जाता साधारण १२० लिटर पाणी, त्यात चार एंजल, सात मॉली आणि एक क्लाऊन लोच. म्हणजे होता. ज्यांच्या घरी मासे आहेत त्यांनी हे वाचा, कारण मला ज्याने टोपी घातली तो अजून फिरतोय आणि त्याची युक्ती इतकी साधी आहे की कळल्यावर मला रागाच्या आधी हसूच आलं.

जुलैचे दिवस, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, लाइट दिवसातून पाच वेळा जायची आणि तेवढा वेळ हीटर बंद. त्यात मी नवीन तीन मॉली आणून सरळ टाकीत सोडल्या, वेगळ्या ठेवल्या नाहीत, ही चूक माझीच. आठवड्याभरात लोचच्या अंगावर मिठाचे खडे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, तो दगडाला अंग घासत फिरायला लागला, मग एंजलच्या परांवर पण तेच. ओळखीच्या एकाने नंबर दिला, म्हणाला हा घरी येऊन बघतो, माशांचा डॉक्टरच आहे.

माणूस आला तो ऐटीत, हातात बॅग, गळ्यात मोबाइलला लावायची ती भिंगाची क्लिप. त्याने कानात घालायच्या कापसाच्या काडीने एंजलचं अंग पुसलं, काडी डबीत घातली, म्हणाला टेस्ट करून संध्याकाळी रिपोर्ट पाठवतो. येण्याचे ५००. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, हिरवट पाण्यात काहीतरी सुळसुळ पळतंय, मागे कुठेतरी कुत्रा भुंकतोय, खाली मेसेज, हेवी इन्फेक्शन. घरात सगळ्यांनी तो व्हिडिओ दोन-दोनदा बघितला. आई म्हणाली, बाबा रे, हे असलं पाणी हॉलमध्ये ठेवलंय?

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन हजर. लेबल नाही, नाव विचारलं तर म्हणे इम्पोर्टेड आहे, मोठ्या कॅनमधून काढून देतो म्हणून लेबल नसतं. १,२००. स्वतःच्या हाताने ओतलं, टाकी निळीशार झाली, आणि म्हणाला, "भिवपाची गरज ना, चार दिसांनी सगळें साफ जातलें. फक्त पाणी बदलू नका."

आणि खरंच, चौथ्या दिवशी ठिपके साफ! मी त्याला फोन करून थँक्यू म्हटलं हो. दोघातिघांना त्याचा नंबर पण दिला, ते आता मला टोमणे मारतात.

मग पाच-सहा दिवसांनी ठिपके परत आले, या वेळी मोजता येणार नाहीत इतके. तो म्हणाला किडा स्ट्राँग आहे, डबल कोर्स लागेल, २,२००. दिले. परत निळं पाणी, परत चार दिवसात फरक, आणि मधल्या काळात दोन मॉली आणि एक एंजल गेला. तर हा म्हणतो कसा, टाकी आता क्लीन आहे, माझ्याकडचे गॅरंटीचे मासे घाला, १,७००. तेही घेतले, काय सांगू. आठ दिवसात त्या माशांच्या अंगावर पण तेच. लोच त्याच आठवड्यात गेला, सहा वर्षांचा होता.

डोळे उघडले ते भाचीमुळे, ती बीएस्सीला झूलॉजी करते. तिला व्हिडिओ दाखवला तर एका सेकंदात म्हणाली, "मामा, हा चपलेच्या आकाराचा आहे बघ, हा पॅरामेशियम, डबक्यात पण सापडतो, शाळेच्या पुस्तकात चित्र होतं ना." तुझ्या माशांना झालाय तो वेगळा, म्हणाली, त्याला इक म्हणतात, गोल असतो, हळूहळू गरगरतो आणि मोठा झाला की आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतं. आणि गंमत म्हणजे डिचोलीच्या मित्राला मी नंबर दिला होता, त्याला आलेला 'रिपोर्ट' मागवून बघितला तर तोच व्हिडिओ, तोच कुत्रा, त्याच ठिकाणी भुंकतोय.

मग तिने जे समजावलं ते नीट वाचा, सगळी फसवणूक यातच आहे. पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा परजीवी. तिथे असताना त्याच्यापर्यंत औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो आपणहून गळून तळाला जातो, वाळूत कवच करून बसतो, आतल्या आत शेकडो पिल्लं होतात आणि ती फुटून बाहेर पडून नवीन मासा शोधतात, दोनेक दिवसात सापडला नाही तर मरतात. औषध चालतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. आपल्याकडच्या कोमट पाण्यात ठिपका तीन-चार दिवसात गळतोच, तुम्ही औषध घाला, नळाचं पाणी घाला नाहीतर निळी शाई घाला. त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. चार दिवसांची गॅरंटी तो आपल्या औषधाची देत नव्हता, किड्याच्या सवयीची देत होता.

आता मागे वळून बघतो तर सगळं समोरच होतं. टाकी किती लिटरची हे त्याने एकदाही विचारलं नाही. लोचसारख्या बारीक खवल्यांच्या माशाला मॅलाकाइट ग्रीनसारखं औषध जपून, बरेचजण तर अर्ध्या डोसने देतात, त्याचा विषय नाही. फिल्टरमधला कार्बन काढायला सांगितलं नाही, कार्बन तर औषध शोषून घेतो, आमच्या पाण्याचा निळा रंग म्हणून तर दोन दिवसात उडाला होता. मिथिलिन ब्लू, म्हणजे माशांचं ते निळं औषध, असतं तर टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं पडलं असतं, आमचं जसंच्या तसं. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती की हा केकमध्ये घालायचा कलर वाटतो. मी तिला म्हटलं तुला काय कळतं. असो.

उरलेले मासे शेवटी वाचले ते फार स्वस्तात. हीटर हळूहळू, दिवसाला एखाद-दुसरी डिग्री करत ३० वर नेला, म्हणजे किड्याचं चक्र भराभर फिरतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू, लाइट गेली तर बॅटरीवरचा. म्हापशाच्या बाजारातून आगरातलं जाडं मीठ आणलं, लिटरला २ ग्रॅम म्हणजे २४० ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसात विरघळवून थोडं थोडं. एक दिवसाआड वाळूच्या तळापासून पाइपने ओढून पाव पाणी बदललं, तेच जे तो करू नका म्हणत होता, आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच्या हिशोबाने मीठ परत घातलं. नळाचं पाणी त्यातलं क्लोरिन काढूनच घालायचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस हे चालू ठेवलं, इथेच सगळे घाई करतात. टाकीतली झाडं मिठाने थोडी जळाली, त्याचं काही वाटलं नाही.

पैशाचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, पहिला प्रश्न आला बिल आहे का. बिल कुठलं, यूपीआयचे चार स्क्रीनशॉट आणि एक बाटली, तीही रिकामी. त्याला फोन केला तर म्हणाला तुमचं पाणीच खराब, आणि ब्लॉक केलं.

गेल्या आठवड्यात वाळपईच्या एक ताई, बायकोच्या ओळखीच्या, त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला, विचारत होत्या भाऊ हे कसले किडे, औषधाचे १,५०० सांगतायत, देऊ का. मी आवाज मोठा करून कानाला लावला. तिसऱ्या सेकंदाला कुत्रा भुंकला.