आईचं पहिलं वाचनालय

दाराशी पायरीच नाही! उतार आहे, तोही फूटभर उंचीला बारा फूट लांब, नियमात असतो तसा. आईची व्हीलचेअर मी एकटीनं चढवली. टेबलावरच्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "काय वाचणार, आक्का?" आमच्या कोल्हापुरात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे, पण चूल सुटेना म्हणून आई कधी वाचनालयात गेलीच नव्हती. ठळक टायपाचं पुस्तक तिनं आधी नाकाला लावलं, मग उघडलं. शौचालयात धरायला दांडी आहे, दारही बाहेर उघडतं (हे कुणी बघत नाही). पंखा लई खडखडतो. दुपारी बंद, नेमक्या आमच्या मोकळ्या वेळेत. निघताना आई म्हणाली, "परत कधी न्हेतीस?"