डे स्किपरचं ट्रेनिंग: प्रमाणपत्र मिळून काही महिने झाल्यावर

रॉयल यॉटिंग असोसिएशन या ब्रिटिश संस्थेचा डे स्किपर, म्हणजे शिडाची छोटी बोट दिवसा स्वतःच्या जबाबदारीवर न्यायला शिकवणारा कोर्स पूर्ण झाल्यापासून मी भाड्याच्या बोटीवर स्किपर (बोटीची प्रमुख) म्हणून जाते आहे. कोर्स संपल्याच्या आनंदात लिहिलेले अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात, पण शिकलेल्यातलं किती कामाला येतं ते जबाबदारी अंगावर पडल्यावरच कळतं. माझं मत आधीच सांगते: कोर्स उत्तम आहे, पण त्यातली थिअरी मनापासून केली तरच. शिडाच्या हौसेने येणाऱ्यांना ती मधली कंटाळवाणी पायरी वाटते. मला मात्र आज सगळ्यात जास्त आधार तिचाच आहे.

थिअरी साधारण ४० तासांची असते. होकायंत्र, हवामान, दिवे आणि बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम असं बरंच काही त्यात येतं. यातलं मी दर फेरीला वापरते ते भरती-ओहोटीचं गणित. भरती चढायला सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा पाणी चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणजे उधाणाला फरक ६ मीटर असेल तर मधल्या दोन तासांतच ३ मीटर पाणी चढतं. बोटीला २ मीटर पाणी लागत असेल आणि वाटेत वाळूचा पट्टा असेल, तर तासभर आधी निघायचं की थांबायचं हे या आकड्यांवरच ठरतं.

प्रवाहाचा त्रिकोणही तसाच. बोट ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) चालते आणि प्रवाह आडवा ३ नॉटचा आहे असं समजा. सरळ रेषेत पलीकडे पोचायचं तर बोटीचं नाक जवळजवळ ३७ अंश प्रवाहाकडे वळवून ठेवावं लागतं, आणि पुढे सरकण्याचा वेग उरतो ४ नॉट. प्लॉटरच्या (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर हे सगळं आयतं मिळतं, हे खरं. पण हे गणित कागदावर केलेलं असलं की पडद्यावरचा आकडा चुकीचा दिसल्याबरोबर लक्षात येतं. नुसत्या पडद्यावर शिकलेल्या माणसाला तो संशयच येत नाही.

प्रॅक्टिकल पाच दिवसांचं. शेवटी वेगळी परीक्षा नसते, पाचही दिवस प्रशिक्षकाचं लक्ष असतं. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे माणूस पाण्यात पडल्यावर काय करायचं याचा सराव. ओरडून सगळ्यांना सावध करायचं, तरंगतं कडं फेकायचं, आणि एकाने फक्त त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं किती पटकन दिसेनासं होतं, हे सरावात माणसाऐवजी फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या बाजूला लावायची हवेची उशी) टाकला तरी समजतं. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात एखादा दोर लोंबत नाही ना, हे पाहायचं. शिडावरच परत यायचं असेल तर एक खूण फार उपयोगी आहे: नाक त्या माणसाकडे ठेवून मेनसेलचा (मुख्य शिडाचा) दोर पूर्ण सोडायचा. शीड नुसतं फडफडलं तर वाट बरोबर आहे, दोर ओढून-सोडून वेग हवा तसा ठेवता येतो. ते वाऱ्याने भरून राहिलं तर आधी थोडं वारा वाहतो त्या दिशेला जाऊन पुन्हा वळायला हवं. आजही नवीन क्रू बोटीवर आला की निघाल्यावर लगेच मी हा सराव घेते.

उणीव दोन ठिकाणी जाणवली. पहिली, धक्क्याला बोट लावणं आणि काढणं. स्प्रिंगवर निघायला शिकवतात: पुढच्या टोकाकडून मागे धक्क्याला बांधलेला दोर, म्हणजेच स्प्रिंग, तसाच ठेवायचा, पुढे फेंडर लावायचा, सुकाणू धक्क्याकडे वळवून इंजिन हळू पुढे घालायचं, की मागचं टोक आपोआप बाहेर येतं. युक्ती सुरेख आहे, पण पाच दिवसांत प्रत्येकाच्या वाट्याला असे प्रसंग फार थोडे येतात. वारा धक्क्याकडे ढकलत असताना, शेजारी दुसऱ्याची बोट असताना हात बसायला पुष्कळ सराव लागतो. मी नंतर फक्त यासाठी प्रशिक्षकाबरोबर वेगळा वेळ घेतला आणि तो पैसा सार्थकी लागला.

दुसरी उणीव क्रू सांभाळण्याची. कोर्सवर सगळे शिकणारे असतात, सूचना अर्धी ऐकूनही काम करतात. घरची माणसं बोटीवर असली की तसं होत नाही. कोणी कोणता दोर धरायचा, जाइब होताना (वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे जाताना) बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) वाटेत कुणी यायचं नाही, लाइफजॅकेट कधी घालायचं, हे सगळं दोर सोडण्याआधी शांतपणे बोलून घ्यावं लागतं. रीफ घेण्याचंही (शीड लहान करण्याचंही) तेच: वारा वाढेल असं वाटलं की लगेच घ्यायचं, कारण नंतर घाबरलेल्या क्रूकडून ते काम करून घेणं फार अवघड जातं.

पुढची मोठी पायरी यॉटमास्टर ऑफशोअरची, म्हणजे किनाऱ्यापासून दूर समुद्रावर स्किपर होण्याच्या प्रमाणपत्राची. त्यासाठी समुद्रावरचे ५० दिवस आणि २५०० सागरी मैल लागतात, शिवाय प्रथमोपचार आणि व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र, आणि मग स्वतंत्र परीक्षक. काही महिन्यांत शून्यापासून तिथपर्यंत नेणारे सलग कोर्स मिळतात. ज्यांना यातच नोकरी करायची आहे त्यांचं ठीक आहे. हौशी माणसाने मात्र मधले मैल आपल्याच जबाबदारीवर, लहान पल्ल्यांत जमवावेत असं मला कळकळीने वाटतं. सोबत प्रशिक्षक असला की शेवटचा निर्णय आपला नसतो, आणि स्किपरला नेमकी त्याचीच सवय हवी.

कोर्स कुठे करायचा हे ठरवताना भरती-ओहोटीचं पाणी निवडा. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी हवा छान असते, पण पाण्याची पातळी फारशी बदलत नाही, आणि तिथल्या प्रमाणपत्रावर भरती-ओहोटी नसलेलं पाणी अशी नोंद येते. थिअरी प्रॅक्टिकलच्या महिना-दोन महिने आधी संपवा, म्हणजे आकडे डोक्यात ताजे असतात. आणि प्रॅक्टिकलला जाण्याआधी कुणाच्या तरी बोटीवर क्रू म्हणून थोडे दिवस काढा. ५ दिवस, १०० मैल आणि रात्रीचे ४ तास एवढा पूर्वानुभव अपेक्षित धरलेला असतो. तो नसला तर कोर्सचा पहिला दीड दिवस गाठी आणि विंच (दोर ओढायची चरखी) समजून घेण्यातच जातो.