गाडी तापते: स्कॅनर घ्यावा की प्रेशर टेस्टर?

इंजिन तापतंय, आणि दोन्हींपैकी एकच घ्यायचं, असा प्रश्न असेल तर आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय का ते बघा.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र, स्वस्त, वापरायला सोपा. चालत्या गाडीत खरं तापमान दिसतं. सिग्नलला उभं राहिल्यावर आकडा 105 अंशांपुढे चढत गेला आणि वेग घेताच उतरला, तर संशय फॅनवर. उलट हायवेवर चढत असेल तर रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) पुरता उघडत नसेल. पण गळती त्याला दिसत नाही. शिवाय कूलंटची पातळी फारच खाली गेली की सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा चक्क कमी दाखवतो. इथेच फसायला होतं.

प्रेशर टेस्टर, म्हणजे कूलंटच्या यंत्रणेत दाब भरून गळती शोधणारा हातपंप, महाग, जरा खटपटीचा. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर लागतो. इंजिन पूर्ण थंड हवं. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप मारायचा, पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) किंवा हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) तपासा. टेस्टर टिकायला दणकट.

कूलंट सारखं भरावं लागत असेल तर टेस्टर. पातळी जागेवर असूनही तापत असेल तर स्कॅनर.