साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणि सेल्फ न घेणारी पिकअप: आठ महिन्यांनंतर

घेतला तो वैतागून. दीड वर्षात पिकअपला दोन बॅटऱ्या घातल्या, तरी आठवड्यातून एकदा तरी चावी फिरवली की नुसतं ‘टक’. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन ढिम्म. ओतूरच्या बाजारात कांदा उतरवून परत निघताना चार जणांना धक्का मारायला लावायची लाज वाटायची. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, “भाऊ, बॅटरी गेली.”

मल्टिमीटर म्हणजे व्होल्ट, ओहम, अँपिअर मोजणारा मीटर. माझा साधाच, पिवळा, नॉबवाला. नॉब डीसी 20 वर, म्हणजे 20 व्होल्टपर्यंत मोजायच्या खुणेवर, ठेवून पिना बॅटरीच्या टर्मिनलला लावल्या, आकडा 12.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. त्याने डोकं आणखीच फिरलं. मग पोराला चावी मारायला बसवलं नि सेल्फ मारताना आकडा बघितला: 11.9. बॅटरी खरंच दमलेली असती तर 9 च्या खाली कोसळली असती. इथे पुरेसा करंट पुढे जातच नव्हता.

आता काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या स्वच्छ बोल्टवर, पुन्हा चावी. मधल्या वाटेत फार तर 0.2–0.3 व्होल्ट वाया जायला हवेत, गेले 4.8! गाडीखाली शिरलो तर इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, चिखलाने माखलेली, तारा हिरव्या पडलेल्या. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फ दोनेकशे अँपिअर मागतो, तिथे 0.02 ओहमचा अडथळासुद्धा 4 व्होल्ट खातो. दिव्यांना लागतात मोजके अँपिअर, म्हणून ते मजेत जळत होते. पट्टी नवी टाकली, बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने काढला. दोन बॅटऱ्यांचे पैसे आठवून दिवसभर कुणाशी धड बोललो नाही.

डिसेंबरात वेगळंच. सेल्फ जोरात फिरायचा, पण पांढरा धूर टाकून गाडी पकडायचीच नाही. हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारे प्लग, मीटर ओहमवर ठेवून तपासले. आधी चारही प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी लागते, नाहीतर सगळे सारखेच दाखवतात. तीन ठीक, चौथ्यावर स्क्रीनच्या डावीकडे नुसता ‘1’, म्हणजे आतून तुटलेला. इथे मीटरची मर्यादाही कळली: दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी हा 0.4 ओहम दाखवतो. प्लगचं माप असतं एक ओहमच्या आसपास, त्यामुळे तेवढं वजा करून वाचायचं.

तक्रारी आहेत. चौथ्या महिन्यात लाल वायर पिनेच्या मानेत तुटली. स्क्रीनला लाईट नाही, पहाटे मोबाईल तोंडात धरावा लागतो. बंद करायला विसरलो की 9 व्होल्टचा सेल संपतो. माझे दोन संपले. आणि 10 अँपिअरच्या भोकात वायर घालून सेल्फ कधीही मारू नका. शेजाऱ्याने त्याच्या मीटरवर हे केलं, वायरीचं प्लास्टिक वितळून बोटाला चिकटलं.

बॅटरी अजून तीच आहे. मागच्या आठवड्यात गॅरेजवाल्याने मीटर दोन दिवसांसाठी मागून नेला, आज आठवा दिवस.